गाठीतलं गुलाबी

सोयाबीन कसं विकायचं ते चिखलीच्या बाजाराने आमच्या गावाला शिकवलं. ते मुळाशी कसं जगतं, हे एका कृषी सहायकाने शिकवलं. आमच्या घरावर त्यांचं मोठं ऋण आहे.

मूग, उडीद, तूर आमच्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या होती, त्यांच्या मुळांवर गाठी धरणारे जिवाणूही होते. मुगाचा बेवड चांगला, हे आजीला कुणी सांगावं लागलं नाही. सोयाबीन मात्र मूळचं चीनकडचं. त्याचा जिवाणू निराळा. पहिल्यांदाच हे पीक पाहणाऱ्या आमच्या काळ्या रानात तो कुठून असणार!

मृगाच्या तोंडावर कृषी सहायक अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची रायझोबियम जिवाणूची पाकिटं घेऊन आले. ओसरीवर गोणपाट अंथरलं आणि आईलाच पुढे बसवलं, कारण बियाणं तिच्या हातचं. आधी बुरशीनाशक, ते सुकलं की मग जिवाणू. दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅम. गुळाचं पाणी उकळून पुरतं गार केलेलं. हात हलका, सोयाबीनचं टरफल नाजूक. सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं.

"भाऊ, ह्या काळ्या भुकटीनं काय होते?" आईने विचारलं.

"वहिनी, यात जीव आहे. उन्हात ठेवला तर मरतो."

डवरणीनंतर ते पुन्हा आले. एक झाड ढेकळासकट खणून काढलं आणि बादलीत बुडवून माती सुटू दिली. उपटलं तर गाठी मातीतच राहतात. एक गाठ नखाने चिरली. आत गुलाबी! हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातला. गुलाबी गाठ हवेतलं नत्र बांधते. हिरवट पडली की तिचं काम संपलेलं.

बाबांनी युरियाची गोणी आणून ठेवली होती. आयतं नत्र मिळालं की झाड गाठी पोसत नाही, असं सहायकांनी समजावलं, आणि गोणी कपाशीला गेली. नत्र बांधायला ऊर्जा फार लागते, त्यासाठी स्फुरद हवं. आमच्या चुनखडीच्या जमिनीत तर टाकलेलं स्फुरदही जखडून बसतं. म्हणून हेक्टरी सुरुवातीपुरतं 30 किलो नत्र, 75 स्फुरद, 30 पालाश, सगळं पेरणीसोबतच, आणि बियाण्याला स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचंही पाकीट. सिंगल सुपर फॉस्फेट वापरलं की गंधकही मिळतं.

पुढे त्यांची बदली झाली. चहापलीकडे त्यांनी आमच्याकडून काही घेतलं नाही. शेतीच्या बैठकीत बाया मागे बसतात, बियाण्याला हात मात्र त्यांचाच लागतो. हे ओळखून त्यांनी आईला शिकवलं, हे मला त्या पाकिटाइतकंच मोलाचं वाटतं.

आता बचत गटातल्या बायांना मी हे दाखवते. आधी पाकिटावरची मुदत वाचते, मग पीक विचारते, कारण सोयाबीनचं पाकीट हरभऱ्याला चालत नाही. रब्बीत जाकी 9218 हरभरा पेरलेल्या एकीचा फोन आला, "ताई, गाठी गुलाबी निघाल्या!" मी विचारलं, "खणून काढलंस ना? उपटलं नाहीस?"