व्याही गिरगाव पाहतात

मुंबईला पाहुणा आला, की त्याला काय दाखवायचे याची यादी प्रत्येक मुंबईकराकडे तयार असते. गेटवे, हँगिंग गार्डन, राणीची बाग, आणि अलीकडे त्यात सागरी सेतूची भर पडली आहे. गंमत अशी, की पाहुणा आल्याशिवाय आपण स्वतः यांतल्या एकाही ठिकाणी फिरकत नाही. मी गिरगावात अडुसष्ट वर्षे काढली. गेटवेला गेलो असेन पाच-सहा वेळा, आणि प्रत्येक वेळी बरोबर कोणाची तरी मावशी होती.

यंदा संक्रांतीनंतरच्या शनिवारी आमचे होणारे व्याही आणि विहीणबाई इंदूरहून आले. मुलीने पुण्याला नोकरी करताना आपले आपणच जमवलेले. आमच्याकडे उरले होते ते फक्त भेटणे आणि मुहूर्त. तोही मार्गशीर्षातला धरला होता. पाहुणे दादरला भाच्याकडे उतरले होते. मी दोन दिवसांसाठी मोटार ठरवली आणि बेत असा आखला, की त्यांनी घरी यावे ते फक्त चहापुरते, तेही दिवेलागणीनंतर. कारण सरळ होते. आमचे घर चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचे. संडास गॅलरीच्या टोकाला. जिन्याला खालून लाकडी टेकू दिलेले. इंदूरच्या बंगल्याचा फोटो मी पाहिला होता. शिवाय एक गोष्ट मी त्यांना कळवली नव्हती, ती पुढे येईलच.

माझ्या बेतावर पाणी पडले ते मेट्रोमुळे. भुयारी मेट्रोचे गिरगाव स्टेशन ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाले. व्याह्यांनी मोटारीची वाट पाहण्याऐवजी दादरला मेट्रो पकडली आणि सकाळी साडेनऊलाच आमच्या गॅलरीत उभे राहिले. मी बनियनवर दाढी करीत होतो.

"व्याहीबुवा, गाडी कशाला? तुमचं स्टेशन तर घराखालीच आहे!" ते म्हणाले.

तोवर गॅलरीतली सगळी दारे उघडली होती. चाळीत पाहुणा एकाचा नसतो. "कुठे नेताय त्यांना?" शेजारच्या काकूंनी विचारले. मी गेटवे म्हणताच त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, खोताची वाडी सोडून गेटवे? समुद्र काय कुठेही असतो!" दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर म्हणाले, की ज्या जागी हिंदुस्थानातला पहिला बोलपट लागला ती आधी दाखवा. त्यांच्या नातवाचे मत मिसळीला पडले. व्याही हसत ऐकत होते. शेवटी त्यांनीच निकाल दिला, "मोटारवाल्याला नाही म्हणून सांगा. आपण या सगळ्यांचं ऐकू."

मिसळ प्रथम झाली. ठाकूरद्वारच्या विनय हेल्थ होममध्ये व्याह्यांनी पहिला घास घेतला आणि डोळे पुसून म्हणाले, "आमचा सराफा दिवसा सोनं विकतो आणि रात्री खायला घालतो. पण हे तिथे नाही." इंदूरकराच्या तोंडून खाण्याच्या बाबतीत एवढी कबुली म्हणजे फार झाली. त्यावर पणशीकरांचे पीयूष पाजून मी ती कबुली पक्की करून घेतली.

खोताच्या वाडीत शिरताना मात्र आपण मुंबईत आहोत हे खरे वाटत नाही. रस्त्यावरचा गोंगाट दहा पावलांत मागे राहतो. अरुंद बोळ, दोन्ही अंगांनी लाकडी घरे, बाहेरून चढणारे जिने, पुढे ओसरी, आणि ओसरीवर आरामखुर्ची. ज्या दादोबा वामन खोत यांच्यावरून वाडीचे नाव पडले ते पाठारे प्रभू. त्यांच्याकडून जागा घेऊन घरे बांधली ती ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी. नाताळातले कागदी तारे अजून दारांवर होते. एका ओसरीवरच्या आजींनी, आम्ही नुसते पाहत उभे आहोत हे बघून, शुद्ध गिरगावी मराठीत विचारले, "कुणाकडे आलात?" कुणाकडेच नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग बसा थोडं." विहीणबाई खरोखरच बसल्या! त्यांना उठवायला वीस मिनिटे लागली. एकेकाळी इथे पासष्टच्या आसपास घरे होती. त्यांतली निम्मीदेखील आता राहिली नाहीत.

"आणि इथे," मी बोट दाखवून म्हटले, "अनंताश्रम होता. माशाचं जेवण म्हणजे काय, ते इथे कळायचं."

"होता?"

"बंद झाला."

तिथून केशवजी नाईकांच्या चाळी. १८९३ पासून इथे सार्वजनिक गणपती बसतो. १९०१ मध्ये लोकमान्य इथे आले होते. मुंबईच्या गणपतींची उंची मजल्यांच्या हिशेबाने वाढली, इथली मूर्ती मात्र लहानच राहिली, आणि निघते ती पालखीतून. उत्सव नसताना तिथे पाहण्यासारखे म्हणजे वाळत घातलेले कपडे आणि क्रिकेट खेळणारी पोरे. व्याह्यांनी तेही मन लावून पाहिले.

मग मास्तरांच्या आज्ञेप्रमाणे मॅजेस्टिक. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' या थिएटरात लागला. मी सांगत होतो आणि व्याही समोरच्या दुकानांच्या इमारतीकडे पाहत होते. थिएटर १९७२ मध्ये पाडले. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. "आणि याच भागात कोरोनेशन होतं," मी भरात येऊन म्हणालो, "३ मे १९१३, दादासाहेब फाळके, 'राजा हरिश्चंद्र'. त्याचा तर आता मागमूसही नाही."

व्याही थांबले. "राग मानू नका, व्याहीबुवा. सकाळपासून तुम्ही मला जे नाही तेच दाखवताय. जे आहे ते कधी दाखवणार? तुमचं घरही मी अजून नीट पाहिलेलं नाही."

मी काय उत्तर देणार? तिथेच, फुटपाथवर, मी न कळवलेली गोष्ट सांगून टाकली. आमच्या चाळीचा पुनर्विकास ठरला होता. संमतीपत्रावर माझी सही झाली होती. मेअखेर खोल्या रिकाम्या करायच्या, मग भाड्याच्या जागेत कुठे तरी बोरिवलीकडे, आणि नवे घर मिळेल तेव्हा खरे. म्हणजे मार्गशीर्षात मुलगी सासरी जाईल ती कोणत्या दारातून, हे मलाच ठाऊक नव्हते. मुलीचे माहेर असे अधांतरी आहे, हे व्याह्यांना सांगायला जीभ उचलत नव्हती.

ते काही बोलले नाहीत. घरी परतलो. त्यांनी दोन्ही खोल्या पाहिल्या, मोरी पाहिली, माळा पाहिला. मग विहीणबाईंनी आमच्या हिला विचारले, "आमच्या सूनबाईंची आवडती जागा कोणती?" मी म्हणणार होतो खिडकी. ही म्हणाली, "गच्चीच्या जिन्याची चौथी पायरी. घरात टीव्ही चालायचा, म्हणून ती तिथल्या दिव्याखाली अभ्यास करायची. दहावी, बारावी, सगळं तिथेच." अडुसष्ट वर्षे त्या जिन्याने चढ-उतार करणाऱ्या मला याचा पत्ता नव्हता!

विहीणबाई जाऊन त्या पायरीवर बसल्या. व्याह्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर काढून मांडीवर घेतले आणि पाने उलटू लागले. "१७ मेला अधिक ज्येष्ठ लागतो," ते म्हणाले. "त्याच्या आत वैशाखात मुहूर्त आहेत. धावपळ होईल. कार्यालय कुठलंही घ्या, पण मुलगी या घरातून निघू दे."

आमची ही स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. काकूंनी मात्र दारातूनच जाहीर केले, की केळवण गॅलरीत होईल आणि श्रीखंड त्यांच्याकडून. झालेही तसेच. सगळी चाळ एका पंगतीला बसली, आणि वाढणाऱ्यांना टेकूंना वळसा घालून जावे लागत होते.

वैशाखात लग्न झाले. मेअखेर आम्ही खोल्यांच्या किल्ल्या दिल्या. गणपतीत व्याही पुन्हा आले, या वेळी धाकट्या भावाला घेऊन. मिसळ झाली, खोताची वाडी झाली, केशवजी नाईकांचा गणपती झाला. मग आमच्या वाडीच्या तोंडाशी आलो. पुढे पत्र्याचे कुंपण होते. मी गप्प उभा होतो. व्याह्यांनी भावाचा दंड धरला आणि कुंपणावरच्या मोकळ्या आकाशात बोट दाखवून म्हणाले, "तिथे बघ. तिसरा मजला. आणि त्याच्या वर, चौथी पायरी."