आटे गेले? नाना पेठेत चला

पुण्यात सोन्या मारुती चौकातून लक्ष्मी रोडने पूर्वेकडे, क्वार्टर गेटच्या दिशेने चालत गेले की सराफांच्या आणि साड्यांच्या पाट्या मागे पडतात. हळूहळू रबराचा, ग्रीसचा वास येऊ लागतो. ही नाना पेठ. नाव नाना फडणवीसांचे, पण आज गाडी चालवणाऱ्या कोणालाही विचारा, नाना पेठ म्हणजे स्पेअर पार्ट. क्लच प्लेट, बेअरिंग, गॅस्केट, आरसे, हॉर्न, सगळे दुकानांच्या कपाळावर टांगलेले. गाडीवाले बहुतेक एवढेच बघतात आणि परत फिरतात. आम्हाला मात्र आतल्या बोळांमध्ये काम होते. तिथे पार्ट विकत नाहीत, वाचवतात.

काम भाच्याच्या गाडीचे होते. तो टुरिस्ट गाडी चालवतो. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई जाते, हप्ता मात्र जात नाही. इंजिनाच्या खाली तेलाचे चेंबर असते, त्याच्या तळाशी तेल काढण्याचा बोल्ट. तेल बदलताना कोणीतरी तो हवेच्या गनने आवळला होता. बोल्ट जागच्या जागी फिरत राहिला आणि थेंब थेंब तेल गळू लागले. बोल्ट काढला तर त्याच्या खाचांत चांदीसारख्या बारीक तारा गुंडाळलेल्या. ते चेंबरचे आटे होते. शहराबाहेरच्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने सांगितले, पूर्ण चेंबर बदलावे लागेल, पार्ट यायला पाच-सहा दिवस.

चेंबर ॲल्युमिनियमचे, बोल्ट पोलादाचा. कुस्ती बरोबरीची नाही. जोर जास्त झाला की मऊ धातू हार मानतो, म्हणून मरतात ते नेहमी चेंबरचेच आटे, बोल्टचे नाहीत. दुकानात मात्र आटे हा शब्द कमीच ऐकू येतो. तिथे म्हणतात, ‘चूडी मर गई.’ बांगडीलाही चूडी आणि आट्यालाही चूडी. आमच्याबरोबर आलेल्या मुलीला याचे फार हसू आले.

ज्या चाचांकडे गेलो त्यांचे दुकान एका लेथच्या लांबीचेच आहे. लेथ, भिंतीला ड्रिल मशीन, एक व्हाइस आणि बसायला उलटा डबा. त्यांनी आधी बोल्ट हातात घेतला. खिशातून पिच गेज काढले, जपानी पंख्यासारख्या उघडणाऱ्या दातेरी पात्यांचे. एक पाते बोल्टवर टेकवून उजेडाकडे धरले. ‘चौदा, दीड,’ एवढेच म्हणाले. म्हणजे चौदा मिलिमीटरचा बोल्ट आणि एका आट्यापासून दुसऱ्या आट्याचे अंतर दीड मिलिमीटर.

‘चाचा, होईल ना?’

‘होईल बेटा. पण चेंबर खोलून आण. गाडीखाली झोपून मी भोक पाडणार नाही. बुरादा इंजिनात गेला तर चेंबर वाचेल आणि इंजिन जाईल.’

चेंबर उतरवून आणण्यात सकाळ गेली. त्या वेळात त्यांच्या टेबलावरची गंमत पाहिली. कप्प्यांमध्ये शेकडो टॅप ठेवलेले, पण तीन वेगवेगळ्या दुनियांचे. पूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. 1841 मध्ये इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी पंचावन्न अंशांच्या आट्यांचे एक माप सुचवले आणि इंग्रजांबरोबर ते इकडे आले. पुढे 1948 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने मिळून साठ अंशांचे इंची माप ठरवले. जुन्या जीपचे बोल्ट त्या अमेरिकन घराण्यातले. नंतर मेट्रिक आले, तेही साठ अंशांचे, आणि आजच्या गाड्या बहुतेक त्यावरच. नाना पेठेत तिन्ही येतात. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टला इंचात बारा आटे असतात, अमेरिकन जाड आट्यांच्या बोल्टला तेरा. डोळ्यांना दोन्ही सारखे. एकाच्या भोकात दुसरा दोन-तीन फेरे गोड जातो, मग अडतो. तिथे ज्याने पाना लावून जोर केला, त्याचे काम संपले. चाचा म्हणतात, त्यांची अर्धी कमाई या एका आट्याच्या फरकावर झाली.

चेंबर आल्यावर त्यांनी तीन रस्ते सांगितले. भोक मोठे करून सोळाचा बोल्ट बसवायचा. हे सर्वांत स्वस्त आणि लवकर होणारे, पण पुन्हा आटे गेले तर भोवती धातू उरत नाही. दुसरा, तारेचे स्प्रिंग. पोलादी तार स्प्रिंगसारखी वळलेली असते. भोकात तिच्यासाठी खास टॅपने आटे पाडायचे, त्यात ती फिरवत बसवायची आणि आत जुना चौदाचाच बोल्ट लावायचा. स्पार्क प्लगचे आटे गेले तर बहुतेक हाच इलाज करतात. तिसरा, लेथवर बुश काढायचा. बाहेरूनही आटे, आतूनही आटे. दर तेल बदलाला हा बोल्ट उघडणार, म्हणून त्यांनी बुश सुचवला. आम्ही विचारले, बुशच्या कडेने तेल झिरपणार नाही का? त्यांनी बोल्टचे वायसर काढून हातावर ठेवले. तेल हे अडवते, आटे फक्त बोल्टला ओढून धरतात. म्हणून बुशचे तोंड चेंबरच्या पातळीच्या जरा आत ठेवायचे, वायसर चेंबरच्या सपाट जागेवरच बसले पाहिजे.

टॅप फिरवणे पाहत राहावे असे असते. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे सुटलेला धातू तुटून पडतो. टॅपवर ग्रीसचा थर, त्यात बुरादा चिकटतो. पहिला निमुळता टॅप, मग दुसरा, मग तळापर्यंत जाणारा तिसरा. घाई कुठेही नाही. जुहरची अजान झाली तेव्हा तिसरा टॅप आत होता. तो पूर्ण करूनच त्यांनी हात धुतले.

ते नमाजहून परतले तेव्हा दुकानापुढे एक तरुण थांबला होता. त्याच्याकडे ब्रेकचा कॅलिपर. तो ज्या बोल्टने गाडीला धरलेला असतो, तिथले आटे गेलेले. ‘यालाही बुश टाका, पैसे जास्त घ्या.’ चाचांनी तो हातातही घेतला नाही. ‘नवा घे.’ त्याने भाव विचारला, चाचांनी नाही म्हटले. त्याने हुज्जत घातली. एवढे मोठे चेंबर करता आणि हे एवढेसे होत नाही? ‘होते,’ चाचा म्हणाले, ‘म्हणूनच करत नाही. तेल गळले तर रस्त्यावर डाग पडतो. हे सुटले तर...’ वाक्य त्यांनी पुरे केले नाही. तरुण कॅलिपर घेऊन पुढच्या बोळात वळला. तिथे कोणी ते काम केले की नाही, ठाऊक नाही. त्या दिवशी चाचांकडे आमच्यानंतर दुसरे गिऱ्हाईक आम्ही पाहिले नाही.

भाच्याने नंतर खोदून विचारले, कशाला हात लावत नाही? ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, म्हणाले. चाकाच्या स्टडचे आटे गेले तर जुना ठोकून काढायचा आणि नवा दाबून बसवायचा, तो महाग नसतो. त्यावर डाय फिरवून पातळ केलेला स्टड लावून कुटुंबाला प्रवासाला नेऊ नये. टेफ्लॉन टेप आणि एम-सीलबद्दल विचारले तर नुसते हसले.

आम्ही साडेसातशे रुपये दिले. नव्या चेंबरच्या भावाशी तुलना करायची तर हसू येते, पण चाचांच्या चार तासांशी तुलना केली तर हसू येत नाही. गाडी त्याच संध्याकाळी सुरू झाली. पोलादी बुशचे आटे आता मूळ ॲल्युमिनियमपेक्षा टिकाऊ आहेत.

कोणाला जायचे असेल तर सुटा पार्ट घेऊन जावे आणि त्याच्या जोडीचा बोल्ट विसरू नये. बोल्टशिवाय पिच मोजता येत नाही आणि दुकानदार अंदाजावर काम करत नाही. जुम्याला दुपारी काही दुकाने बंद असतात. आषाढी वारीत तुकोबांची पालखी याच पेठेत निवडुंग्या विठोबाला आणि माउलींची शेजारच्या भवानी पेठेत पालखी विठोबाला मुक्कामी असते, तेव्हा गाडी आणायचा विचार करू नये. स्वतःचे टॅप हवे असतील तर बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेतला जुना बाजार, शाहीर अमर शेख चौकाजवळ. जुने टॅप मिळतात, पण दात उजेडात नीट बघून घ्यावेत, बोथट टॅप भोकातच तुटतो आणि मग तो काढायचे काम वेगळे. आणि तेल बदलताना बोल्टचे पहिले तीन-चार फेरे बोटांनी द्यायला सांगावे. पाना त्यानंतर.