शेजारच्या बॉयलरची वाफ

इंग्लंडमध्ये दिवाळी येते तीच मुळी घराघरांतले बॉयलर पेटण्याच्या दिवसांत. उन्हाळाभर आंघोळीपुरता चालणारा बॉयलर आता सकाळ-संध्याकाळ घुमू लागतो आणि मला फोन येऊ लागतात. हाउन्स्लो, हॅरोकडे मराठी कुटुंबं बरीच आहेत. गॅसची कामं करणारा आपला माणूस म्हणून ती हक्काने विचारतात. तक्रार बहुधा एकच असते. “दादा, शेजाऱ्यांनी नवा बॉयलर बसवलाय. त्याचं धुराडं आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशीच आलंय. पांढरा धूर आत येतो. विषारी असेल का हो?”

जे पांढरं दिसतं तो धूर नव्हेच, पाणी आहे. एक घनमीटर नैसर्गिक वायू जळला की सुमारे दीड लिटर पाणी तयार होतं. जुने बॉयलर ते कडक गरम वाफेच्या रूपात सोडून देत. ती झटकन वर जाऊन विरायची. एप्रिल २००५ पासून इंग्लंड-वेल्समध्ये, थोडे अपवाद सोडले तर, गॅसचा नवा बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचाच घ्यावा लागतो. तो वाफेतली उष्णताही काढून घेतो. गॅस वाचतो, पण बाहेर पडणारा झोत कोमट आणि ओला असतो. त्याच्या अंगात वर चढायचं बळ नसतं. दोन घरांमधल्या बोळात तो घुटमळतो, काचेवर ओघळतो. ते पाणी किंचित आम्लधर्मी असतं, त्यामुळे भिंतीवर डागही पडतात.

भीती बाळगायची ती कार्बन मोनॉक्साइडची. त्याला ना रंग, ना वास. नीट जळणारा बॉयलर तो फारच थोडा सोडतो. आम्ही धुराड्यात यंत्राची नळी घालून कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइडचं गुणोत्तर मोजतो, ते ०.००४ च्या वर गेलं तर बॉयलर तसाच चालू ठेवत नाही. बिघडलेल्या बॉयलरची वाफही तेवढीच पांढरी असते, आणि ऊबदार दिवशी वाफ अजिबात दिसली नाही तरी वायू तेच बाहेर पडत असतात. म्हणून खिडकीतून बघून निदान करणाऱ्यांशी माझं पटत नाही.

गंमत म्हणजे वाफेला घाबरणाऱ्या याच मंडळींच्या नात्यात, पुण्या-नाशकाला, बंद बाथरूममध्ये गॅस गीझर चालू असतो. धूर बाहेर न्यायला नळी नाही, झरोका पुठ्ठ्याने बुजवलेला. तिथे पांढरं काही दिसत नाही, मग कोणी फोनही करत नाही. हिवाळ्यात अशा बाथरूममध्ये माणसं दगावतात. मला कोणी निवडायला सांगितलं तर मी ती खिडकी निवडेन.

तरीही खिडकीवाल्यांचं सगळंच चूक नाही. आतल्या पंख्याने वायू बाहेर ढकलणाऱ्या बॉयलरचं धुराडं उघडणाऱ्या खिडकीपासून किमान ३०० मिलिमीटर दूर हवं, असा इथला नियम आहे. म्हणजे जेमतेम फूटभर. मोकळ्या भिंतीवर ते पुरतं; तीन बाजूंनी भिंती असलेल्या कोपऱ्यात, जिथे वारा फिरकत नाही, तिथे मला ते अपुरं वाटतं. त्यात आपलं स्वयंपाकघर. फोडणी द्यायची म्हणून एक्झॉस्ट पंखा पूर्ण वेगात चालतो, आणि जेवढी हवा तो बाहेर फेकतो तेवढी खिडकीतून आत ओढली जाते. बाहेर झोत रेंगाळत असेल तर तोही येतो. पंखा चालू असताना ती खिडकी लावून दुसरीकडची उघडा, हा माझा पहिला सल्ला, आणि तो फुकट आहे. दुसरा, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या.

घरगुती धूर आणि वायूंचा उपद्रव १९९० च्या पर्यावरण कायद्यात बसतो, त्यामुळे कौन्सिलकडे जाता येतं. पण आधी फराळाचं ताट घेऊन शेजारी जावं. बॉयलर बसवून वर्षही झालं नसेल तर ज्याने बसवला त्यालाच बोलवायला सांगावं; तो गॅसची कामं करणाऱ्यांच्या अधिकृत यादीत, म्हणजे गॅस सेफ रजिस्टरमध्ये, नोंदलेला असलाच पाहिजे. बरेचदा प्लूम किट लावून काम भागतं: हवा आत घेणारं तोंड भिंतीशीच राहतं, फक्त झोताची नळी वर किंवा बाजूला नेतात. तिचा आडवा भाग बॉयलरकडे उतरता ठेवावा लागतो. घाईत तो उलटा बसला की पाणी बॉयलरकडे परतायच्या ऐवजी नळीच्या टोकातून ठिबकत राहतं, आणि मग पलीकडच्या घरातून फोन येतो.