मोकळ्या रानातलं शिंगरू

बारामतीच्या जळोची उपबाजारात भाजीपाला उतरतो तेव्हा क्रेटांमधून ओल्या मातीचा वास येतो. मेथीच्या जुड्या, वांगी, भेंडी, टोमॅटो. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेतला मुलूख, तरी इथं ही हिरवाई आहे ती नीरेच्या डाव्या कालव्यामुळं. 1885 पासून त्याचं पाणी या कोरड्या मातीत फिरतंय. पण भाजीच्या रानाला नुसतं पाणी पुरत नाही, त्याला खत लागतं. आणि इकडं खत पुष्कळदा स्वतःच्या पायांनी चालत येतं.

फ्लॉवर-कोबी निघाला की रान मोकळं होतं. मग धनगरांचा वाडा, म्हणजे माणसं-मेंढरांचा फिरता तळ, उतरतो. मेंढरं उरलासुरला पाला खातात, रात्री वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत बसतात, आणि सकाळी सगळ्या रानावर लेंड्यांचा थर असतो. शेतकरी त्याबदली धान्य देतो, नाहीतर पैसे. या वाड्यात मला सगळ्यात आधी दिसते ती घोडी. तिच्या पाठीवर भांडी, वाकळा, वाघरी, कालपरवा जन्मलेलं कोकरू, कधी या सगळ्यावर बसवलेलं लेकरूही. शेजारून तिचं शिंगरू, मोकळंच. त्याला दावं लागत नाही, ते आईला सोडून जात नाही.

पुण्याकडच्या स्टड फार्मांवर शर्यतीची शिंगरं वाढतात ती वेगळ्या निगुतीनं. घोडी 11 महिने गाभण राहते. शर्यतीच्या घोड्यांचं वय 1 जानेवारीपासून मोजतात, म्हणून शिंगरू वर्षाच्या सुरुवातीला जन्मावं असा बेत असतो. साधारण सहा महिन्यांनी ते आईपासून तोडतात आणि दोन वर्षांचं झालं की ते शर्यतीत उतरू शकतं. त्या निगराणीत मोठं ज्ञान आहे. पण वाड्यातल्या शिंगराचं शिक्षण मला अधिक भरीव वाटतं. ट्रकचा हॉर्न, कालव्यावरचा अरुंद पूल, कुत्री, नदीचा उतार, घाटाची वाट या सगळ्याची ओळख त्याला आईच्या कडेनं चालता चालता होते. पावसाळा सरला की वाडे कोकणाकडं निघतात आणि पुढच्या पावसाआधी परततात. तेवढ्यात शिंगराचे पाय घट्ट झालेले असतात.

वाड्यातली ही घोडी म्हणजे भीमथडी. बारामती तालुक्याचं जुनं नावही तेच. भीमा-नीरेच्या काठची ही काटक जात मराठ्यांच्या घोडदळात होती. घोडदळं गेली, तशी तिची राजदरबारची गरजही संपली. तरी ती टिकली, कारण मेंढपाळाला ओझं वाहणारा सोबती हवाच होता. अलीकडं कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन संस्थेनं तिची देशातली आठवी अश्वजात म्हणून नोंद केली. बारामतीच्या अश्वपालकांनी त्यासाठी धडपड केली होती, आणि त्या बातमीचा आनंद मला आजही आहे.

मेंढरांच्या लेंड्या रानात थेट पडतात, घोड्याची लीद मात्र कोणी ताजी पिकाला घालत नाही. ती तापते, शिवाय गवताचं बी तिच्यातून जिवंत उतरतं. उकिरड्यात मुरली की मग वांग्याच्या आळ्यात तिच्यासारखं खत नाही.

काळजी आहे ती मोकळ्या रानाची. जळोची आता बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. वाडे बसायचे तिथं प्लॉट पडले, तारेची कुंपणं आली. उसाचं रान तर लागण, मग खोडवा, असं वर्षानुवर्षं अडकलेलं असतं. भाजीचंच रान तेवढं दोन पिकांमध्ये थोडं सुटं राहतं. भीमथडी जगवायची तर तबेले बांधून भागणार नाही. गावोगावची गायरानं राखली पाहिजेत, कालव्याकडेनं जनावरांना पाणवठे ठेवले पाहिजेत, वाड्यांच्या जुन्या वाटा कुंपणाबाहेर ठेवल्या पाहिजेत. भाजीवाल्या शेतकऱ्यानंही पुढचं रोप लावायची घाई दोन-तीन रात्री थांबवावी, आणि वाड्याला आधीच निरोप धाडावा.