न्यूट्रलमध्ये वीस मिनिटं

हेदवी. रविवार. सकाळचे सात. चावी फिरवली, तर नुसतंच ‘टक्’. रात्री चार्जर शोधायला लावलेला केबिन लाइट तसाच राहिलेला. चार वर्षांची जुनी बॅटरी, झोपली! आणि रात्री मला ऑफिसचं प्रेझेंटेशन पाठवायचं होतं.

जिथे उतरलो होतो तिथल्या काकांनी जीप आणली, जंपर केबल लावली. गाडी सुरू झाली, पण कशी? एरवी आठशेवर गुरगुरणारं इंजिन थेट अठराशेवर! गरम झालं तरी उतरेना. एसी बंद केला, पायाखालचं मॅट सरकवून अ‍ॅक्सिलरेटर अडकलाय का पाहिलं. ढिम्म. घाटात आईबाबांना घेऊन असली उधळलेली गाडी न्यायची?

‘‘स्क्रू पिळ की थोडा,’’ बाबा म्हणाले. त्यांची आयुष्यभर पद्मिनी.

‘‘बाबा, यात कार्ब्युरेटरच नाही!’’

दहा वाजता मेकॅनिक आला. आधी बॅटरीचे टर्मिनल घट्ट केले, मग इंजिनाजवळ कान नेला. एखादा व्हॅक्यूम पाइप निसटला, तर तिथून फालतू हवा आत जाते आणि आरपीएम चढतो. पाइप ठीक होते. ‘‘काय नाय हो, गाडी विसरलीय,’’ तो म्हणाला. उभ्या गाडीत इंजिनाला किती हवा लागते, हे ईसीयू चालता चालता शिकतो. बॅटरी पार उतरली की ते शिकलेलं पुसलं जाऊ शकतं. मग तो अंदाजपंचे हवा सोडतो.

उपाय? लाइट, एसी, म्युझिक सगळं बंद. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर. रेडिएटरचा पंखा दोनदा फिरेपर्यंत अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. मग पाच मिनिटं एसी लावून तसंच. (प्रत्येक मॉडेलची रीत वेगळी असते मंडळी, आधी मॅन्युअल वाचा!)

मोबाइलला रेंज नाही. शेजारी बाबा. वीस मिनिटं काहीच न करता बसायचं, हे मला शेवटचं कधी जमलं होतं? बाबा हळूच म्हणाले, ‘‘काल बामणघळ राहिलीच.’’

आदल्या संध्याकाळी दशभुजा गणपती करून आम्ही उमामहेश्वराच्या देवळाजवळ पोचलो, तेव्हा ओहोटी होती. भरतीच्या लाटा कातळातल्या अरुंद भेगेत घुसून उसळतात, ते त्यांना पाहायचं होतं. मी घड्याळ बघून म्हटलं होतं, ‘‘पुन्हा येऊ कधीतरी.’’ बाबा पंच्याहत्तरीचे आहेत.

काटा हळूहळू आठशेवर आला. बंद करून पुन्हा सुरू केली, तरी तिथेच! मेकॅनिक म्हणाला, ‘‘आता निघा बिनधास्त. मुंबईत बॅटरी तेवढी बदला.’’

निघालो, पण आधी बामणघळीकडे. साडेबाराला भरती होती. पाणी धाडकन वर उसळलं, बाबा लांब उभे राहूनही भिजले आणि लहान मुलासारखे हसले.

प्रेझेंटेशन मध्यरात्री पाठवलं. बॉसने उघडलं मंगळवारी.