गोंड्याची चावी

आमच्या घरी जीप आली ती १९८२ साली. सरकारी लिलावात निघालेली, पेट्रोलवर चालणारी, ताडपत्रीच्या हुडाची. दारं नव्हतीच, त्यामुळं दाराला कुलूप असण्याचा प्रश्न नव्हता. अख्ख्या गाडीला एकच चावी. डॅशबोर्डवर गोल स्विच होता, त्यात ती घालून फिरवायची. एवढीशी सपाट चावी, पण आमच्या वस्तीवर तिचा मान मोठा होता. आबांनी तिला बैलाच्या जुन्या गोंड्याचा तांबडा तुकडा बांधला होता. दिवसा ती त्यांच्या खिशात आणि रात्री देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात. दुसरी चावी लिलावातच मिळाली नव्हती. "एक हाय न्हवं, मग झालं," असं आबा म्हणायचे.

जीप धुण्याचं काम आमच्या सालगड्याच्या थोरल्या पोराकडं होतं. मी त्याला दादा म्हणायचो. सतरा-अठरा वर्षांचा असेल. धुऊन झालं की चाकावर बसायचा, हातात स्टेअरिंग धरायचा आणि तोंडानं गाडीचा आवाज काढायचा. मी शेजारी बसून "थांबा, प्याशिंजर उतरायचंय" असं ओरडायचो. आबा लांबून बघायचे, पण बोलायचे नाहीत.

१९८४ च्या मार्च महिन्यात आबा एका लग्नाहून रात्री उशिरा आले. सकाळी कोनाड्यात चावी नव्हती. सदरा, बंडी, धोतराचा सोगा, अंथरूण, सगळं झाडून झालं. आईनं ज्वारीची पोती हलवली. आम्ही पोरांनी दारापासून जीपपर्यंतची माती हातानं चाळली. चावी नाहीच. ऊन चढलं तसा आबांचा आवाजही चढला. तेवढ्यात दादा बादली घेऊन आला.

"तुझ्याबिगर त्या चावीकडं बघनारं हितं कोन हाय?" आबा म्हणाले.

"म्या न्हाई घेतली, मालक."

"खिसं उलटं कर."

अंगणात आठ-दहा माणसं उभी होती. दादाचा बापही होता, खाली मान घालून. दादानं खिसे उलटे केले. भुईमुगाच्या चार शेंगा आणि सायकलचा एक बारका नट, एवढंच मातीत पडलं. तो ते उचलायलासुद्धा वाकला नाही. बादली तिथंच ठेवून चालू लागला आणि त्या संध्याकाळी गाव सोडून गेला. त्याचा बाप मात्र साल पुरं होईपर्यंत आमच्याकडं राबला, कारण उचल फिटायची होती. त्या दिवसानंतर त्यानं आबांच्या डोळ्यात बघितलेलं मी पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या एस.टी. स्टँडजवळ बसणारा चावीवाला आबांनी आणवला. म्हातारा माणूस, डोळ्यावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा, पत्र्याची पेटी. पेटी उघडायच्या आधी त्यानं विचारलं, "गाडीचं पुस्तक हाय का?"

आबांना राग आला. "अरं, माझ्या दारात गाडी हुबी हाय. गाव वळखतंय मला."

"राग नको, मालक. चावी हरवल्याला आन् चावी चोरनारा, दोघंबी मला एकच सांगत्यात. कागद बघितल्याबिगर मी हात लावत न्हाई."

आबा आत गेले आणि आर.सी. बुक घेऊन आले. म्हाताऱ्यानं चष्म्याजवळ धरून नाव बघितलं आणि मगच पेटी उघडली.

कंदील धरायचं काम मला मिळालं, म्हणून सगळं जवळून बघता आलं. त्यानं पितळेच्या कोऱ्या चाव्या काढल्या. दाते नसलेल्या, नुसती पट्टी. त्यातली स्विचच्या भोकात सरळ जाणारी निवडली. ती मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून काजळी धरवली, स्विचमध्ये घातली, डावीकडं-उजवीकडं हलकेच दाबली आणि बाहेर काढली. काजळीत चार-पाच ठिकाणी बारीक चकाकत्या रेघा उमटल्या होत्या. "हितं हितं आतल्या पत्त्या अडत्यात," तो मला म्हणाला. कुलपाच्या पोटात पातळ पत्त्या असतात. चावीचा प्रत्येक दाता एकेका पत्तीला तिच्या उंचीवर आणतो, आणि सगळ्या बरोबर बसल्या की नळी फिरते. रेघ दिसली तिथं त्यानं कानस मारली. जास्त नाही, दोन हात. परत काजळी, परत स्विच, परत कानस. "जरा ज्यादा घासलं तर चावी फुकट. पितळ परत चिकटत न्हाई," असं तो आपल्याशीच बोलला. तासाभरानं स्विच फिरला आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला. मी टाळ्या वाजवल्या.

चावी आबांच्या हातात देताना त्यानं विचारलं, "पहिली चोरीला गेली, का हरवली?"

आबा काहीच बोलले नाहीत.

"हरवली आसंल तर ही बास झाली. चोरीला गेली आसंल तर स्विचच नवा बसवा. नायतर त्येच्याकडं चावी हायच की. रातीला येऊन गाडी घिऊन जाईल."

मी कंदील धरून आबांच्या तोंडाकडं बघत होतो. ते बराच वेळ जीपकडं बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. हरवली आसंल."

तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो, पण ते वाक्य मला कळलं. त्यांच्या मनातही चोर नव्हता. मग दादाचे खिसे उलटे का करायला लावले, हे विचारायचं धाडस मला त्या रात्रीही झालं नाही आणि पुढंही कधी झालं नाही.

जीप १९९१ साली विकली. आबा २००३ मध्ये गेले. दिवस झाल्यावर त्यांची ट्रंक उघडली. कागद, जुन्या पावत्या, आणि तळाशी रुमालात बांधलेली एक चावी. तांबडा गोंडा विटून तपकिरी झाला होता. ट्रंकेत त्यांचा लोकरी कोटही होता. त्याचा फाटका खिसा आईच्या हातच्या टाक्यांनी शिवलेला.

आईला चावी दाखवली. तिनं नजर वळवली.

"त्या साली थंडी पडल्यावर कोट काढला तवा घावली. खिशातनं अस्तरात गेल्याली."

"मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

"त्यांनीच सांगायचं हुतं ते," आई म्हणाली आणि चुलीकडं गेली.

चावी खिशात घेऊन मी दादाचा पत्ता काढला. तो एस.टी.त ड्रायव्हर झाला होता. मुक्कामी गाड्या, घाटातले रस्ते, पन्नास माणसांचा जीव, असं सगळं बरीच वर्षं सांभाळत होता. घरी गेलो तेव्हा ड्यूटी करून नुकताच आलेला, खाकी अंगावरच. मला बघून उठला, बस म्हणाला. मी काही न बोलता चावी त्याच्या पुढ्यात ठेवली.

त्यानं गोंडा बोटानं चिमटून बघितला. "कुठं घावली?"

सांगितलं. ती त्याच वर्षी सापडली होती, हेही सांगितलं. ते सांगताना माझाच घसा कोरडा पडला.

"मला वाटलंच," तो म्हणाला. "पुढल्या साली आबा आमच्या घरी आलते. आमच्या गल्लीत त्ये पयल्यांदाच आलते. म्या सुट्टीवर हुतो. गुळाची ढेप ठेवली, बाजल्यावर बसले. आमच्या आयनं भीत भीत इचारलं, चा घेनार का? घेतला. बशीत वतून समदा पिला. बोलले कायबी न्हाईत. उठले आन् गेले. आमचा बा रातभर म्हनत हुता, चावी घावली आसनार."

"पण बोलायला पाहिजे होतं त्यांनी. चारचौघांत खिसे उलटे करायला लावले, चारचौघांतच बोलायला पाहिजे होतं."

"व्हय, पायजे हुतं." एवढंच तो म्हणाला. त्यानं आबांची बाजू घेतली नाही आणि मलाही ती घ्यावीशी वाटली नाही.

थोड्या वेळानं तो हसला. "एक सांगू? चोरली न्हवती म्या. पन आबा पंढरपूरला गेलते तवा कोनाड्यातनं घिऊन जीप वड्यापातूर नेल्याली. एकदाच. खिसं उलटं कर म्हनले तवा मला वाटलं, त्येच कळलं जनू. म्हनून मान वर झाली न्हाई माजी."

त्याची बायको चहा घेऊन आली. आम्ही दोघांनीही बशीत ओतून घेतला. निघायची वेळ झाली तेव्हा दादानं चावी उचलली आणि खाकी शर्टाच्या खिशात टाकून वरचं बटण लावलं. ती परत मागावी असं माझ्या मनातही आलं नाही.