येतो!

इंग्रजीच्या तासाला ‘रिटर्न’ हा शब्द आला की मी थोडा रेंगाळतोच. मूळचा हा कातारकामातला शब्द! लाकूड फिरवून कातण्याची लॅटिन क्रिया फ्रेंचमार्गे इंग्रजीत आली, ती ‘परतणे’ होऊन. वाढदिवसाला साहेब ‘मेनी हॅपी रिटर्न्स’ म्हणतो. पण त्यात परतायचे असते त्या दिवसाने, माणसाने नव्हे. माणसाच्या परतण्याचा शब्द मात्र दुखण्यातून निघाला. १६८८ साली बाझेलच्या योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने परमुलखात घरासाठी झुरणाऱ्यांच्या आजाराला नाव दिले ‘नोस्टॅल्जिया’. ग्रीक ‘नोस्टॉस’ म्हणजे घरी परतणे, ‘आल्गॉस’ म्हणजे वेदना.

आपण या दुखण्यावरचे औषध उंबरठ्यावरच देतो. ‘गेला’ हे मरणाला राखून ठेवले आहे. म्हणून निघणाऱ्याने ‘येतो’ म्हणायचे. माझे कितीतरी विद्यार्थी ‘येतो, सर’ म्हणून मुंबईला, अमेरिकेला गेले. थोडेच आले. मग शब्द खोटा ठरला का? मला तसे वाटत नाही. तो वायदा नसतोच. मागे राहणाऱ्याच्या हाती ठेवलेली ती शिदोरी असते, आणि गावोगावच्या आया तिच्यावर वर्षे काढतात.